साखरेच्या भांड्यावरचं नाव

रवि. ८ जाने. २००६

मिळालं. साखरेचं भांडं मिळालं. कॅम्प चारला, सिंधी वस्तीत, लच्छूशेठच्या दुकानात, चांदीच्या मोडीच्या परातीत, वाकड्या पैंजणांच्या खाली. उद्यापर्यंत थांबले असते तर आटवायला गेलं असतं. चेहरा मख्ख ठेवला. लच्छूशेठ माणूस चांगला, पण शेवटी दुकानदारच. दिवाळीपासून साठवलेलं सगळं त्यात गेलं.

घरी येऊन भिंगाखाली धरलं. पानांच्या वेली, मधे बारीक फुलं. आतून बोट फिरवलं तर गुळगुळीत, म्हणजे ठोकून उठवलेली नक्षी नव्हे, कोरलेली. रेघेच्या तळाशी अजून चमक आहे. चार वर्षांपूर्वी तिथूनच आणलेल्या दुधाच्या जगाशेजारी ठेवलं. तीच वेल, तोच हात. आणि पोटावर तशीच लंबगोल कोरी जागा, मालकाचं नाव घालायला कारागिराने सोडलेली. दोन्हींवर कुणी काही घातलंच नाही. बहुधा कच्छचं काम. शंभर वर्षांचं तरी असावं.

नवऱ्याला दाखवलं. मिलिंद म्हणाला, आपण चहा स्टीलच्या कपात पितो. बरं.

गुरु. १२ जाने.

शाळेत चित्रकलेच्या तासाला पाचवीने उंट काढले. बहुतेकांची गाढवं झाली. सुटल्यावर सरळ लच्छूशेठकडे. भांडं माझ्या जगाशी जुळतं म्हटल्यावर त्यांनी तराजू बाजूला ठेवला. मग सांगितलं की त्यांच्या घरी एक किटली आहे, वडिलांनी कराचीहून आणलेली. अशीच पानं. एकटीच आहे, सोबतचं काही नाही. मुलांना तिचं कौतुक नाही, आपण गेलो की पोरं आटवून टाकतील, असं म्हणाले.

"ताई, तुमच्या दोन्हीशी जुळली ना, तर किटली तुम्ही न्या. पण सेट जैसा था वैसाच पायजे."

पैशाचं नंतर बघू म्हणाले. डोळ्यांत पाणी यायला लागलं म्हणून लगेच निघाले. दुकानात काय रडायचं.

रवि. २२ला जग आणि साखरेचं भांडं घेऊन त्यांच्या घरी जायचं ठरलं.

सोम. १६

वहीच्या मागच्या पानावर किटली काढली. तोटी कशी असेल, मूठ कशी असेल. मि.ला दाखवलं तर म्हणे, त्यापेक्षा पोरांना उंट शिकव.

मला ती किटली हवी आहे. लग्नात, सणाला, कधीही कुठल्या वस्तूसाठी जीव असा अडकला नव्हता. स्वतःचंच हसू येतं आणि तरीही

शनि. २१

लिहिवत नाही. पण लिहिते.

सकाळी मी शाळेत असताना आई (सासूबाई) साखरेचं भांडं पिशवीत घालून स्टेशनजवळच्या स्टीलच्या दुकानात गेल्या आणि त्या कोऱ्या लंबगोलात मशीनने माझं नाव घालून आणलं. टर्रर्र करत ठिपक्याठिपक्यांनी घालतात तसं. ‘वंदना’. घरी आल्यावर कौतुकाने पुढे धरलं.

जगावरही घालायचं होतं त्यांना. दुकानात गर्दी झाली म्हणून तो वाचला.

मी काय बोलले आठवत नाही. मि. म्हणतो, फार बोललीस. आईंचं एकच: "परक्याच्या घरी चाललंय ना भांडं? मग नावाशिवाय कसं जाईल?"

त्यांचं काय चुकलं? इथे बुवापाड्यात लग्नाकार्याला पातेली जातात ती नाव बघूनच परत येतात. आमच्या कळशीवर, डब्यांवर, चमच्यांवरसुद्धा नाव आहे. हे सगळं कळतं. तरी आज त्यांच्याकडे बघवत नाही.

रवि. २२

गेले. न जाऊन काय करणार?

लच्छूशेठच्या बायकोने पापड आणि पाणी पुढे ठेवलं. किटली टीपॉयवर होती. मूठ म्हणजे वेटोळं घातलेला साप. पानं तीच. शेजारी जग ठेवला, साखरेचं भांडं ठेवलं, नावाची बाजू भिंतीकडे करून. तिन्ही एकत्र. क्षणभर सगळं विसरले.

मग मीच भांडं फिरवलं. लपवून काय उपयोग?

लच्छूशेठ रागावले नाहीत. वाईट वाटलं त्यांना, ते जास्त लागलं. किटलीवरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "वडील बोलायचे, घर बांधून झाला की नाव टाकू. घर उधरही रह गया. म्हणून ही जागा खाली हाय. एकावर नाव, एकावर नाय, माझ्याकडून नाय बघवणार."

कोपऱ्यावरचा पॉलिशवाला नाव घासून देईल. बाजूची पानं थोडी पुसट होतील, ती चालतील त्यांना. नाव काढून आणा, किटली तुमचीच, म्हणाले.

म्हणजे सुटला प्रश्न. पुढच्या रविवारी.

बुध. २५

आईंशी कामापुरतंच बोलते. त्याही तशाच. दुपारी मी वह्या तपासत होते तर लसूण सोलता सोलता स्वतःहून बोलायला लागल्या. तरुणपणी कॅम्पातल्या ब्लॉकमध्ये भांडी घासायला जायच्या, ते माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. त्या घरांत चमच्यापासून घंगाळापर्यंत सगळ्यावर नावं. आईंना चहा मिळायचा तो कान तुटलेल्या कपात. तो कप खिडकीच्या बाहेर ठेवलेला असायचा. प्यायचा, आपणच विसळायचा, परत तिथेच ठेवायचा.

"त्याच्यावर कशाला नाव घालतील?" म्हणाल्या. "आपल्या घरात पण बघ. सगळ्यावर आधी तुझ्या सासऱ्यांचं, मग मिलिंदचं. म्हटलं, तुझं एकावर तरी असू दे. चांदीच्यावर."

मी पुढ्यातली वही मिटली. राग गेला असं लिहिलं तर खोटं होईल. त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलंय.

शुक्र. २७

भिंगाखाली पुन्हा बघितलं. ठिपके खोल आहेत. घासायचं म्हणजे चांगलंच घासावं लागेल. मि.ला विचारलं काय करू. तो म्हणाला, भांडं तुझं, तूच ठरव. खरंच की, नावसुद्धा माझंच आहे त्याच्यावर.

जायचं ठरवलंय. किटली आटणीत गेली तर मी स्वतःला कधीच

रवि. २९

सकाळी उठले तर आईंनी दोन्ही भांडी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, पिशवीत घालून दाराशी ठेवलेली. मि.शी बोलणं ऐकलं असणार. एवढंस्सं घर.

"काढून टाक नाव. किटली येऊ दे," म्हणाल्या. आवाजात रुसवा नव्हता. अकराच्या सुमाराला मी चपला घालत होते, तर म्हणाल्या:

"थांब, एकदा वाचते."

खाली बसल्या, साखरेचं भांडं सोडवून मांडीवर घेतलं. आई शाळेत गेल्या नाहीत. अक्षरं शिकल्या ती लोकांच्या भांड्यांवरची नावं घासता घासता, ब्लॉकमधल्या एका घरातल्या मुलीला विचारून विचारून. बोट ठेवत एकेक अक्षर वाचलं. वं. द. ना. मग माझ्याकडे बघितलं.

"बरोबर हाय ना?"

बरोबर आहे म्हटलं.

पॉलिशवाला दुपारपर्यंत असतो. साडेअकरा वाजलेत. पिशवी दाराशी आहे, भांडं अजून आईंच्या मांडीवर.