मजकूर वाचून दाखवला

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. तुझं पत्र सोमवारीच मिळालं. उत्तराला चार दिवस लावले, रागावू नकोस. वहिनी, हेही पत्र तुम्हालाच त्याला वाचून दाखवायचंय, तेव्हा आधी घोटभर पाणी प्या. मागच्या वेळी फोनवर तुमचा खोकला ऐकला, तो काही मला आवडला नाही.

माझं बरं चाललंय. म्हणजे कुणी विचारलं की मी असंच सांगतो. तू विचारलंस, सत्तावन्नाव्या मजल्यावर राहायला कसं वाटतं. खरं सांगू का? शिसारी येते.

ही इमारत म्हणजे उभी केलेली काडी आहे. एका मजल्यावर एकच घर. वारा सुटला की ती डोलते, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही. कपाटाची दारं कुरकुरतात, दिवाणखान्यातला दिवा हेलकावे खातो, कमोडातलं पाणी या कडेहून त्या कडेला जातं. घरबसल्या बोट लागते माणसाला. त्यात ते पाणी खाली खेचलं जातं आणि पाईपमधून गटाराचा वास थेट वर येतो. संगमरवरी न्हाणीघर, सोनेरी नळ, आणि वास सार्वजनिक मुतारीचा. प्लंबरला बोलावलं. तो खिशात हात घालून उभा राहिला. म्हणाला, "काका, एवढ्या उंचावर पाईप हलणार, वास येणार. तुमच्या वरच्यांना तर जास्त येतो."

"मग ते काय करतात?"

"ते कुठे राहतात इथे," तो म्हणाला.

खरं आहे ते. साठ घरांपैकी बारा-तेरा घरांत दिवा दिसतो. बाकीची नुसतीच घेऊन ठेवलेली. खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे खालच्या मजल्यावर कुणी तळण काढलं की तो शिळा वास दोन दिवस माझ्या उशीला येतो. त्यावर उपाय म्हणून तळमजल्यावर एक यंत्र बसवलंय. ते दर दहा मिनिटांनी फुलांचा वास फवारतं. गटार आणि मोगरा एकत्र नाकात गेले की काय होतं ते लिहीत नाही, तुमची जेवायची वेळ असेल.

तळमजला म्हणजे आपली अंधशाळा. तिचं तोंड तेवढं उरलंय. मागचं वसतिगृह, वेतकामाची खोली, मैदान, सगळं पाडून तिथे ही काडी रोवली. पुढची दगडी इमारत ठेवली, कारण जुनं दार असलं की नव्या घराला भाव येतो. तुम्ही पोरं ज्याला धरून चालायचात तो भिंतीलगतचा लाकडी कठडासुद्धा ठेवलाय, चकचकीत पॉलिश करून. खाचा अजून आहेत. दोन खाचा म्हणजे वर्ग, तीन म्हणजे जिना, चार म्हणजे संडास. चार खाचांच्या जागी आता दारूचा बार आहे. परवा तिथे एक बाई नवऱ्याला सांगत होती, ही जुनी नक्षी आहे.

तू विणलेल्या सहा खुर्च्याही आहेत. समोर मखमली दोरी लावलीय, बसायचं नाही. एकीचं वेतकाम सुटलंय, ते त्यांनी फेव्हिकॉलने चिकटवलंय. तू बोट फिरवलं असतंस तर शिव्या दिल्या असत्यास.

आता गुरुवारच्या सुनावणीचं. दादा, मला जमेल असं वाटत नाही. रक्तदाब वर गेलाय, डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून सांगितलंय. शिवाय वारा असला की इथल्या लिफ्ट बंद ठेवतात, मग माणूस अडकतो. तू लिहितोस, माजी विद्यार्थ्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलंय, तू त्यांचा प्रतिनिधी असून शाळा विकायला संमती दिलीस असं म्हणतात. म्हणू देत. लोक आज बोलतात, उद्या विसरतात. तू लिहितोस, मी येऊन फक्त एवढं सांगावं की तू सही केलीस ती छपराच्या दुरुस्तीच्या कागदावर. पण माझ्या एकट्याच्या सांगण्याने काय होणार? आणि विक्रीच्या संमतीपत्राच्या नकलेवर खाली वाचून दाखवणाऱ्याची सही आहे, पण ती कुणाची ते लागत नाही असं वहिनी म्हणाल्या, तर राहू दे. जुन्या नकला पुसटच असतात.

जेवायला हाक आलीय. इथे हाक म्हणजे खालून डबा आला की भिंतीतला फोन टुणटुण वाजतो. पुढचं नंतर लिहितो.

रविवार, संध्याकाळ

दादा, शुक्रवारचं पान फाडणार होतो. तसंच ठेवलंय, कारण मी कसा लिहितो ते तुला कळायला हवं.

आज दुपारी खाली शाळेच्या सभागृहात इथल्या रहिवाशांनी जेवण ठेवलं होतं. डोळ्यांवर पट्ट्या बांधून जेवायचं. ही म्हणे वास्तूला आदरांजली. पट्ट्या रेशमी होत्या, त्यांवर या टॉवरचं चिन्ह. निम्म्यांनी पट्टी बांधायची, निम्म्यांनी त्यांना भरवायचं. मी उठून जायला हवं होतं. पण व्यवस्थापक हात धरून म्हणाला, "काका, तुमचे बंधू इथलेच ना? दोन शब्द सांगा की."

मी सांगितले. तू नऊ वर्षांचा असताना पहिल्या दिवशी आईचा हात सोडून खाचा मोजत एकटाच वर्गात गेलास, आणि आई दारात उभी राहून रडली, ते सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझं लहानपण मी त्यांना तोंडी लावायला दिलं.

मग जेवण सुरू झालं. दादा, मी इतकी घाण कधी पाहिली नाही. एकाने शेजारणीच्या ताटात मनगटापर्यंत हात घातला आणि सगळे पोट धरधरून हसले. एक जण तोंडातला घास तळहातावर काढून तो कुठे ठेवावा म्हणून चाचपडत होता, शेवटी त्याने तो टेबलाच्या कडेला पुसला. बुटांखाली अन्न चिकटत होतं. तुमच्या पंगतीत मी पस्तीस वर्षं वाढलंय. साठ मुलं जेवून उठायची आणि मोठ्या बाईंना जमिनीवर शीत सापडायचं नाही.

त्यानंतर खेळ होता. डोळसाने कार्ड वाचायचं, पण पुढचा पदार्थ मुद्दाम खोटा सांगायचा आणि समोरच्याची फजिती बघायची. कार्डावर शोभेला ब्रेलसारखे ठिपके उठवले होते. मी बोट फिरवून पाहिलं, काही शब्द लागत नव्हता. माझ्यासमोर चौतिसाव्या मजल्यावरची बाई होती, खूप अत्तर लावते ती. म्हणाली, "नीट वाचा हं, मला मासे अजिबात चालत नाहीत."

कार्डावर मासाच होता. मी वाचलं, भाजलेला भोपळा, वर लोणी आणि मिरी. सावकाश वाचलं, मध्ये थांबलो, घसा साफ केला, जणू अक्षर बारीक आहे. तिने विचारलं, "नीट वाचलंत ना?" मी म्हटलं, "नीट वाचलं." तिने तोंड उघडलं. मग ती थुंकली, सगळे हसले, आणि पट्टी काढून तीही हसली.

मी मागच्या दाराने वर आलो आणि ओकलो. वास आधीच होता, त्यात माझी भर.

तो आवाज माझा होता, दादा. तोच, तसाच.

त्या सहीच्या दिवशी शाळेच्या कचेरीत तू माझ्यासमोर बसला होतास. तुझ्या हातात सहीची ओळ चुकू नये म्हणून धरायची पत्र्याची पट्टी होती, धारेवर तेल लावलेली, म्हणजे पेन अडकत नाही. कागद पाच पानी होता. त्यात शाळा, वसतिगृह, मैदान आणि मागचा बोळ बांधकाम कंपनीला देण्यास माजी विद्यार्थ्यांची संमती होती. मी तुला छपराची दुरुस्ती वाचून दाखवली. कौलं, पन्हळी, पूर्वेकडची गळती. मी ते रचून वाचत होतो, दादा. कलमांचे आकडेसुद्धा घातले. तू म्हणालास, "जिन्यावरची खिडकी पण धरायला सांग, पावसात मुलं भिजतात." मी पान उलटल्याचा आवाज केला आणि म्हटलं, "धरलीय, सातव्या कलमात." तू खूश झालास. तू विचारलंस, "नीट वाचलंस ना?" मी तुझं बोट धरून ओळीवर ठेवलं.

का केलं, तर या घरासाठी. सगळ्यांना सांगतो मुलाने घेऊन दिलं. मुलाने साधा पंखाही घेऊन दिलेला नाही. त्या कंपनीचा माणूस माझ्या टेबलावर पुठ्ठ्याची छोटी इमारत ठेवून गेला होता, आत दिवे लागायचे. आमच्या दोन खोल्यांची भिंत तेव्हा ओलीने काळी पडली होती आणि ही वारल्यावर मला त्या भिंतीकडे बघवत नव्हतं. हे कारण मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता त्याचाही वीट आलाय. तेव्हा हाव होती एवढंच समज. ज्या नोकरीला तू मोठ्या बाईंकडे शब्द टाकून मला चिकटवलंस, त्याच खुर्चीत बसून मी हे केलं.

शहराबाहेर गोदामांच्या रांगेत पत्र्याची शाळा दिलीय, ती मी एकदाच पाहिली. पन्नास मुलांपैकी अठरा येतात. बाकीच्यांना आणणार कोण? गुरुवारी तुझी फसवणूक सिद्ध झाली तर ही दगडी इमारत शाळेला परत मिळू शकते, असं तुमचे वकील म्हणतात. आणि ते सिद्ध करू शकणारा माणूस जगात एकच आहे. तो रक्तदाबाचं सांगत बसलाय.

आता वहिनी, हे तुमच्यासाठी. कृपा करून मोठ्याने वाचा, त्यालाही ऐकू द्या.

माझी सही कुणालाही वाचता येते. पस्तीस वर्षं शाळेच्या दाखल्यांवर तीच होती, आणि तुमच्या लग्नाच्या नोंदणीतही साक्षीदार म्हणून तीच आहे. नकलेत पानाच्या तळाशी 'मजकूर वाचून दाखवला, समजला व मान्य आहे' आणि खाली माझं पूर्ण नाव. तुम्ही ते वाचलंत आणि त्याला 'लागत नाही' म्हणालात. दोघे भाऊच उरलेत, म्हातारपणी त्याच्या हातून एवढंही जाऊ नये, असं तुमच्या मनात आलं असणार. मला तुमचा राग नाही. उलट पत्रात ती ओळ वाचून माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त घाण वाटते. तुम्हीही त्याला खोटं वाचून दाखवावं, ही पाळी तुमच्यावर मी आणली.

पण गुरुवारी समोरचा वकील ते नाव भर कोर्टात वाचणार. दादा ते सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकणार, आणि मी ओळखतो त्याला, तो म्हणेल, माझा भाऊ असं करणार नाही. सगळ्या माजी विद्यार्थ्यांसमोर माझी बाजू घेईल. तेवढं होऊ देऊ नका.

दादा, मी गुरुवारी येतोय. बुधवारीच खाली उतरून धर्मशाळेत राहीन, म्हणजे लिफ्टचं निमित्त नको. तुझ्याकडे उतरणार नाही. कोर्टात मला विचारलं नाही तरी मी उभा राहून सांगेन, काय लिहिलं होतं आणि मी काय वाचलं. मग घर जाईल, कदाचित मीही आत जाईन. माझ्याशी बोलू नकोस. बोलावंसं वाटलं तरी त्या दिवशी नको, तुझे मित्र बघत असतील. त्यांच्यात बस.

वहिनींना हे वाचवणार नाही, मध्येच दोन पानं गळतील, अशी अजून धास्ती वाटते. म्हणून शेवटची ओळ जाड कागदावर टोचून लिहिलीय. कचेरीतली ब्रेलची पाटी आणि टोच्या मी नोकरी सोडताना घेऊन आलो होतो, का कुणास ठाऊक. हात बसलेला नाही, दोनदा चुकलो. वहिनींना ही लिपी येत नाही. वहिनी, तो कागद त्याच्या हातात द्या आणि जरा बाहेर जाऊन बसा.

दादा, ही तुझी तू वाच:

छपराचं काही नव्हतं. मी खोटं वाचलं.

— तुझा धाकटा