उजव्या हाताचा अभ्यास

१२ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय मावशी,

तुला आणि काकांना नमस्कार. मी ठीक आहे. वेळेवर जेवते, वेळेवर झोपते, खोकला गेला. हे तिन्ही प्रश्न तू विचारणारच, म्हणून उत्तरं आधीच देऊन टाकली. काकांनी दाढ काढली, की अजून 'बघू, बघू' चाललंय?

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू दोन वाक्यं बोलतेस आणि "थांब हं, काकांशी बोल" म्हणून सुटतेस. कागद हातात आला की निदान शेवटपर्यंत वाचशील.

खोली बरी आहे. खिडकीसमोर छापखाना आहे. यंत्र सुरू झालं की भिंतीतून एकसारखा ठेका येतो. माझी खोलीतली जोडीदारीण त्यानं वैतागते, मी त्यावर सकाळचे व्यायाम करते. यंत्रांचे आराखडे काढायची नोकरी सोडून इथे नाट्यशाळेत आले तेव्हा आई म्हणाली होती, "हिचं डोकं फिरलंय." आणि तू तिला म्हणालीस, "जाऊ दे गं तिला. नाही जमलं तर यंत्रं काय पळून चालली आहेत?" त्या एका वाक्यावर मला इथे यायला मिळालं. तेव्हा मी काही बोलले नाही. मला ते जमत नाही, हे तुला माहीत आहे. आता लिहिते: मी तुझी ऋणी आहे.

या सत्रात आम्हाला एक काम दिलं होतं. एक नट आणि एक नर्तक किंवा नर्तकी निवडायची आणि त्यांचा अभ्यास करायचा. मी आनंदानं पुस्तकं काढली. आमच्या हालचालीच्या बाई आल्या, त्यांनी पुस्तकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही परत ठेवून या. त्यांनी काय म्हटलंय ते मला नको. ते खुर्चीतून कसे उठतात ते सांगा." अभ्यास शरीरानं करायचा. त्या माणसाची चाल, बसणं, वळणं इतके दिवस करत राहायचं की आपलं शरीर ती आपोआप करू लागेल. मग वर्गासमोर त्याच्यासारखं नुसतं चालून दाखवायचं. संवाद नाही, वेशभूषा नाही.

नट म्हणून मी आजोबांना घेतलं. आमचे आजोबा नव्हेत, इथे शिकवायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या नटाला सगळे आजोबा म्हणतात. मी दुपारी त्यांच्या घरी जाऊन बसायचे. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "भूमिका करताना डोक्यात काय चाललेलं असतं?"

"चष्मा कुठे ठेवला, ते."

"खरंच सांगा ना."

"खरंच सांगतोय. रंगमंचावर चष्मा नसतो मला. समोर कोण उभंय ते दिसत नाही, म्हणून नीट ऐकतो. लोक म्हणतात, काय तन्मय होतो हा!"

मी ते गंभीरपणे टिपून घेतलं. त्यावर ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण पुढे लक्षात आलं, ती नुसती थट्टा नव्हती. ते खरंच मान जराशी डावीकडे वळवून, कान पुढे करून उभे राहतात. मी तसं उभं राहून पाहिलं आणि समोरच्याचं बोलणं मला वेगळं ऐकू आलं. दुसऱ्याचं शरीर आपल्यावर चढवलं की त्याचं थोडं कळतं, हे मी तिथे शिकले. माझ्यासारख्या मोजून मापून वागणाऱ्या मुलीला हे पटायला वेळ लागला, पण पटलं.

नर्तकी म्हणून मी तुला निवडलं.

थांब, रागावू नकोस. बाकीच्यांनी मोठमोठी नावं घेतली. मला ज्यांच्याकडे पाहून नाच म्हणजे काय ते कळलं, त्यात पहिली तू. माझ्या घोट्याला प्लास्टर होतं तेव्हाही तू मला तुझ्या नाचाच्या वर्गातून सुट्टी दिली नाहीस, आठवतं? वर्गाच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसवलंस आणि म्हणालीस, "पाय बांधलेत, डोळे नाही बांधले. बघ." मी सगळा वेळ तुझे पाय बघत बसले. बघायला मी त्या बाकावर शिकले. इथे बाई माझ्या नजरेचं कौतुक करतात तेव्हा मला तो बाक दिसतो.

तर मी काकांकडे तुझं चित्रण मागितलं. त्यांनी तुला न सांगता वर्गाच्या दारातून फोनवर घेऊन पाठवलं. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच गळ घातली होती. त्यात तू मुलींना एक चाल दाखवतेस आणि मग खिडकीपासून दारापर्यंत चालत येतेस. मी जुन्या सवयीनं जमिनीवर खडूनं तुझ्या पावलांचा आराखडा काढला. आरशात डावं-उजवं उलटं होतं, म्हणून तेही पुन्हा तपासलं. आधी पाय घेतले, मग मान, मग हात. पावलं आखूड. उजवा हात कोपरात वाकवून कमरेशी धरलेला. डावा मोकळा झुलतो, उजवा झुलत नाही. चेहरा शांत, जवळजवळ निश्चल.

मला ते फार आवडलं. वाटलं, मावशी इतकी वर्षं नाचून आता अशा जागी पोचली आहे की तिला काही दाखवायची गरजच उरली नाही. मी घासून घासून तो हात बसवला. वर्गासमोर तुझ्यासारखी चालले आणि शेवटी म्हणाले, "ही त्यांची शैली आहे. त्यांनी अनावश्यक हालचाल काढून टाकली आहे." वर्गानं टाळ्या वाजवल्या.

बाईंनी वाजवल्या नाहीत.

सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. "हा हात तुझा की त्यांचा?"

"त्यांचा. मी नीट तपासलाय."

"पूर्वीपासून असाच?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी, जिच्या नजरेचं कौतुक होतं, तिला माहीत नव्हतं. खोलीवर येऊन तुझ्या जुन्या कार्यक्रमाचं चित्रण शोधलं, मी शाळेत असतानाचं. मावशी, त्यात तुझा उजवा हात खांद्यापासून निघतो आणि सबंध मंच कवेत घेतो. तू वळतेस तेव्हा तो तुझ्याही आधी वळतो. आणि तू हसतेस, पार मागच्या रांगेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी ते बाईंना दाखवलं. त्यांनी दोन्ही चित्रणं पाहिली. मग त्यांनी आपल्या नवऱ्याचं सांगितलं. दोघं जोडीनं नाचायचे. "त्याचा हात असाच मागे राहायला लागला. मी वर्षभर ओरडत होते, हात जागा ठेव, आळशी झालायस म्हणून. तोही म्हणायचा, हो गं, आळस." मग म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही. पण त्या बाईंना दाखवून घ्या. लवकर."

त्यांच्या नवऱ्याच्या दुखण्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते तुझंही आहे की नाही, हे सांगणं माझं काम नव्हे. कदाचित नुसता खांदा आखडला असेल. तसं निघालं तर मला जन्मभर चिडव, मी ऐकून घेईन.

पण मी काकांना फोन केला. विचारलं, मावशीचं बरं आहे ना? म्हणाले, "बरं आहे की. हल्ली कप डाव्या हातानं धरते, म्हणते सवय लावतेय. ब्लाउजची बटणं मला लावायला सांगते, म्हणते तुला तेवढंच काम." म्हणताना हसत होते, मग हसायचे थांबले. आपण काय सांगतोय ते त्यांना तेव्हाच कळलं असावं. म्हणाले, "तू सांग तिला. माझं ऐकत नाही ती."

म्हणून सांगते आहे.

एक गोष्ट मी बाईंना सांगितली नाही. तुझी चाल मी इतके दिवस केली आहे की ती आतून कशी लागते हे मला माहीत आहे. त्या हातात आळस नाही. तो कमरेशी दाबून धरावा लागतो, मुद्दाम, जाणूनबुजून. वर्गातल्या मुलींना दिसू नये म्हणून धरतात तसा. मला वाटतं, तुला ठाऊक आहे. बरेच दिवस ठाऊक आहे. आणि डॉक्टरांनी नाव घेतलं की वर्ग बंद करावा लागेल, म्हणून तू त्यांच्याकडे जात नाहीस.

वर्गाचं आपण नंतर पाहू. बसून शिकवता येतं. आजोबांना नीट दिसत नाही, तरी ते शिकवतात. तू मला नुसत्या बघण्यानं नाच शिकवलास, तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये होता. हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही. मला समजूत काढता येत नाही, तू तर नेहमी म्हणतेस की मी सांत्वन पण मापं घेऊन करते. जे घडलं ते लिहिलं.

रोज तालीम संपली की मी तुझा हात सोडून देते. खांदा झटकला की तो माझा होतो, पुन्हा झुलायला लागतो. तुला तो असा सोडता येतो का? मला एवढंच विचारायचं आहे. येत असेल तर या पत्राचं काही मनावर घेऊ नकोस.

येत नसेल तर डॉक्टरांची मंगळवारी सकाळची वेळ मिळाली आहे. काकांनी घेतली, मी घ्यायला लावली. तिथे मी बरोबर असेन. बाईंनी सुट्टी दिली, न मागता. म्हणाल्या, "जा, आणि तुझ्या मावशीला सांग, त्यांची विद्यार्थिनी चांगली घडली आहे." ते तुलाच ऐकवायचं होतं. माझ्या तोंडून ते निघालं नसतं, म्हणून लिहून टाकलं.

सोमवारी दुपारी पोचते. आईला काही सांगितलेलं नाही, ते तुझ्यावर सोडते.

घंटा वाजली की काकांना पाठवू नकोस. दार तू उघड. आतल्या खोलीतून दारापर्यंत चालत ये, हात कमरेशी न धरता, जसा राहील तसा. मी बघेन. अभ्यासासाठी नाही बघणार.

तुझ्याकडून बघायला शिकलेली,
तुझी भाची