जिनिंगमधली बियर

७ नोव्हेंबर २०११, दारव्हा

आलो एकदाचा! ट्रॅव्हल्सनं अंग आंबवून टाकलं, पण स्टँडवरच्या पहिल्या चहानं जीवात जीव आला. काम असं की मित्रांना हेवा वाटावा. आमच्या कंपनीची बियर पुण्यात छोट्या भट्टीवर थोडी थोडी बनते. ती यवतमाळ जिल्ह्यात कुठे चालेल ते बघायचं. दारव्हा, महागाव, उमरखेड, कोणत्या बारमध्ये जायचं आणि कोणता निवडायचा, सगळं माझ्यावर. आई म्हणाली, पगार देऊन पाजतात, असली नोकरी आमच्या घराण्यात कुणी केली नाही.

विमलताईंकडे वरची खोली मिळाली. त्या निवृत्त नर्स, एकट्याच राहतात. घरात बाटली दिसली तर सामान रस्त्यावर, हे त्यांनी पोह्यांबरोबरच सांगून टाकलं. फिरायला देवसिंगची काळीपिवळी जीप ठरवली. मिश्या पिळदार, पण रस्त्यात आडव्या आलेल्या म्हशीशीसुद्धा हा माणूस मऊ बोलतो. स्वतः थेंबही घेत नाही. संध्याकाळी त्याच्या घरी जेवलो. बायको मोतीबाईनं भाकरी वाढता वाढता त्याची इतकी थट्टा केली की तो लाजून अंगणात जाऊन बसला.

१० नोव्हेंबर

निवडीची माझी पद्धत अशी. आधी ग्लास उजेडात धरून बघायचा. मग मोरीत डोकावायचं. मालकाशी गप्पा शेवटी, कारण गोड बोलणाऱ्याची बियर हटकून शिळी निघते. महागावात एकानं बियर बर्फ घालून दिली. बाद. उमरखेडच्या स्टँडमागे मात्र एक झकास जागा सापडली. उकडलेल्या शेंगा, वर कांदा नि लिंबू, आणि मालक ओतताना ग्लास तिरपा धरतो. पसंत.

सगळीकडे विषय एकच, कापूस. गेल्या साली भाव चढला म्हणून जो तो कपाशीकडे वळला आणि यंदा भाव पडला. माणसं टेबलं बडवून भांडतात.

दारव्ह्यात आणखी काही आहे का विचारलं, तर देवसिंग घुटमळला. बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या जुन्या कारखान्यात, सदाशिवराव म्हणून एकजण स्वतःच बियर बनवतो म्हणाला. "पण तिथं आवाज नाई होत, साहेब." मला हसू आलं. बारबद्दल अशी तक्रार पहिल्यांदाच ऐकली.

१२ नोव्हेंबर

भर दुपारी गेलो. पत्र्याची लांब शेड, गंजलेली यंत्रं, कोपऱ्यात जुना तराजू आणि लोखंडी वजनं. सदाशिवराव सत्तरीचे, पांढराशुभ्र सदरा, कानात अत्तराचा फाया. ज्वारीला मोड आणून, मोहाची फुलं घालून ते सिमेंटच्या हौदात आंबवतात. तळाचा जुना गाळ कधीच फेकत नाहीत, त्यावरच नवं घालतात.

घोट घेतला. आधी खरपूस भाकरीचा वास, मग मोहाची गोडी, शेवटी जिभेवर किंचित खारट. असं काही मी आयुष्यात प्यालेलो नाही.

शेड भरलेली होती आणि कुणी बोलत नव्हतं. सगळे एकमेकांच्या हातांकडे बघत होते.

देवसिंग नको नको म्हणत होता. चव तरी सांग म्हणून मीच आग्रह केला. त्यानं डोळे मिटून ग्लास संपवला आणि दुसरा मागितला.

पहिली पसंती ठरली.

१४ नोव्हेंबर

हे नीट लिहून ठेवतो. जिनिंगमध्ये शेजारच्या टेबलावर दोघं पीत बसले होते. एकानं दुसऱ्याचा पंजा हातात घेतला, टेबलावर पसरला आणि तराजूचं वजन त्यावर घातलं. पुन्हा घातलं. हाडं मोडल्याचा आवाज तुरीच्या ओल्या काड्यांसारखा. ज्याचा हात होता त्यानं तो मागे घेतला नाही. दुसऱ्या हातानं ग्लास उचलला.

मी ओरडलो. कुणी वळलं नाही. सदाशिवरावांनी येऊन टेबल पुसलं. म्हणाले, "हे भांडन नाई बापू. भांडनात राग असते."

पळून यायला हवं होतं. समोरचा ग्लास संपवून मगच उठलो. तो का संपवला, कळत नाही.

१६ नोव्हेंबर

देवसिंग आला नाही म्हणून घरी गेलो. मोतीबाई ओसरीवर बसलेली, तोंडाला फडकं, फडकं लाल. विमलताईंना बोलावून आणलं. समोरचे दात पकडीनं उपटलेले होते. देवसिंग शेजारीच शांतपणे कांदे निवडत होता. म्हणाला, "मले सारं आठवते साहेब. राग नवता. तिचे दात दिसले अन् वाटलं, काढाव. बस."

मोतीबाईनं फडकं बाजूला केलं आणि मला एवढंच विचारलं, "तुमीच पाजली ना त्यायले?"

मी विमलताईंना पाण्याचा तांब्या भरून दिला.

परतताना देवसिंगची जीप जिनिंगकडे गेली. मी तिच्यात होतो.

१८ नोव्हेंबर

मोतीबाई बाया घेऊन जिनिंगवर आली. मुसळं, कुऱ्हाडी, पहारी. देवसिंगला बाहेर काढायला म्हणून मी आधीच आत गेलो होतो. निदान विमलताईंना तसं सांगून निघालो होतो.

पहिलं मुसळ हौदावर पडलं. माणसं उठली. सगळी एकदम. खुर्च्यांचासुद्धा आवाज नाही. एकीचा हात धरून कोपरापासून उलटा वाकवला. एकीला केसांना धरून हौदाच्या काठावर – पुन्हा – बाकीच्या किंचाळत पळाल्या. मोतीबाई पळाली नाही. ती देवसिंगकडे चालत गेली, त्याला नावानं हाक मारत.

देवसिंग जागचा हललाही नाही.

वजन माझ्या हातात होतं.

१९ नोव्हेंबर

मोतीबाई गेली. तिच्या खुनासाठी पोलिसांनी देवसिंगला नेलं. दात त्यानंच उपटले होते, तेव्हा कुणी दुसरं नाव घेतलं नाही. त्यानंही नाही. पोलिसांच्या जीपमध्ये चढताना तो माझ्या हातांकडे बघत होता.

विमलताईंनी माझा शर्ट भिजत घातला. बायांना वाचवायला गेलास रे, म्हणाल्या. रडल्या.

मला सगळं आठवतंय. कवटीचा तो – राग नव्हता. रडू येईल म्हणून वाट बघतोय. येत नाही. फार शांत वाटतंय.

२० नोव्हेंबर

प्यालो नाही. आज नाही, काल नाही. तरी जिभेवर खारट.

सकाळी ताई पोळ्या लाटत होत्या. मनगट गोल फिरतं. बघत उभा राहिलो – किती वेळ, माहीत नाही.

वर आलो. दार लावून घेतलं.

२० नोव्हेंबर, दुपार

ताई, बाहेरून कुलूप घाला. गावाला निघून जा. वरून ओरडून सांगितलं. त्यांना वाटतं, ताप आलाय.

जिन्यावर पाय वाजतायत. पेज आणतायत –

वर येऊ नका म्हणालो. आवाज इतका हळू, इतका गोड निघाला –

दारावर टकटक. बांगड्या. "नयन, उघड बाळा."

कडी माझ्याच बाजूला आहे. एका हातानं लिहितोय. दुसरा कडीवर – मी ठेवला नाही – ताई, तुमचं मनगट आत घालू न