बावीस हजाराचा हेडफोन

१७ डिसेंबर २०१७, रविवार

आज पुन्हा ताट वाजवलं. चिमीच्या मांगं उभी राहून, बेलन्यानं, जोरात — धाडकन! बकरी दचकली. शेजारच्या कोंबड्या उडाल्या. चिमी नाई. तिचं खेयनं सुरूच. डब्यात खडे टाकते, काढते, पुन्हा टाकते.

वीस महिन्याची झाली. बोलत नाई. नुसतं तोंड हालवते. अंगनवाडीच्या बाई म्हनल्या, काही लेकरं उशिरा बोलतात, भेऊ नको. पन ताटाले तं वळाव लागते ना!

मीच नेलं तिले कापसाच्या जिनिंगात. तीन महिन्याची होती तवापासून. घरी कोनापाशी ठेवू? चिमीचे बाबा ट्रकवर, सासू जिती नाई. मशीनीच्या मांगं लुगड्याची झोयी बांधली अन् ठेवली तिच्यात. सगया बाया ठेवतात. त्या मशीनीनं माह्या लेकराचे कान खाल्ले.

हे कोनाले बोलता येत नाई. म्हनून इथी, या वहीत.

१९ डिसेंबर

कापूस कमीच. यंदा बोंडअळीनं खाल्ला, जो येते तो बी किडका, पिवया. अकरा मशीनी हायत, सहा चालतात. आवाज मात्र तेवढाच! जानराव मुकादमानं बोटानं सांगतलं — संक्रांतीपर्यंत काम, मंग हात झटकले. म्हंजे मंग काही खरं नाई.

तथी कोनी तोंडानं बोलत नाई. बोलून फायदाच नाई. अंगठा तोंडाले लावला — पानी. दोन बोटं — टोपलं भर. मूठ डोक्यावर — शेठ आला, नीट बसा. नवी बाई आठ दिवसात शिकते. चिमी तं कोनी न शिकवता शिकली. आज अंगठा तोंडाले लावून पानी मांगतलं तिनं. खुर्शीदबी टाया वाजवून हासली. तिची मशीन माह्या बाजूले, घर बी माह्या बाजूले. पंचवीस वर्सं झाले तिले जिनिंगात. सुट्टी झाल्यावर म्हने, "अगे शकुन, ये तो बिना पगार की कामगार हो गई!"

सगया हासल्या. मी बी हासली. मंग मोरीत जाऊन रडली.

२२ डिसेंबर

चिमीच्या बाबाचा फोन, नागपूरहून. चिमीच्या तोंडाले लावून देल्ला. मंग मले म्हनतात, "बोलली वाटते वं काहीतरी!" खोटं. मी बाजूलेच तं बसली होती. मले बरं वाटावं म्हनून म्हनतात. मानूस चांगला हाय. पन मले रागच आला.

२५ डिसेंबर

देवीदास आला. माहा लहान भाऊ, अकोल्यात टीव्ही-मोबाईलच्या दुकानात हाय. चिमी त्याले पाहून लाजते, माह्या पदरात घुसली ते निंघालीच नाई. त्याले सांगून टाकलं सगयं. ताट, झोयी, मशीन.

देवीदास म्हने, "ताई, दुकानात एक हेडफोन आला हाय. कानावर घातला का बाहीरचा आवाज बंद. इमानात बसनारे लोक घालतात."

"केवढ्याले?"

"बावीस."

"बावीसशे?"

"हजार."

म्या म्हटलं, "देवा, बावीस हजारात दुभती म्हैस येते!"

"मंग म्हैस लाव कानाले."

हासू आलं. लई दिवसानं आलं. मंग म्हने, साडेतीनशेवाला बी भेटते. गाना-बिना काही नाई त्याच्यात, नुसतं झाकन. कारखान्यातले लोक लावतात. म्या म्हटलं, मंग तोच आन ना बापा! तो म्हने, "दोन्ही आनतो. तूच पाह्य."

माह्यापाशी काय हाय? दोन बकऱ्या अन् गयातली मंगयसूत्राची पोत. बकऱ्या देल्ल्या तं चिमीचं दूध गेलं. पोत देल्ली तं लोक तोंडावर इचारतीन. पन काम सोडलं तं खाऊ काय? अन् काम नाई सोडलं तं लेकरू मशीनीपाशीच राह्यते. कान जेवढे उरले असतीन तेवढे तरी वाचाव. खरंच वाचत असतीन तं पोत देईन. मांगंपुढं पाह्यनार नाई.

पन मशीनीपाशी लावून पाह्यल्याबिगर नाई. दुकानातल्या थंड हवेत कोनताही चांगलाच वाटन.

२६ डिसेंबर

पोत काढून हातात धरून पाह्यली. परत घातली.

३१ डिसेंबर, रविवार

सगयं लिहून ठेवते. उद्या इसरून जाईन.

देवीदास सकायच्या एस्टीनं आला. दुकानातला दाखवाचा हेडफोन शेठले इचारून आनला, लोकरीच्या टोपीत गुंडायून, जसं काही अंडं! काया, मऊ, उशीसारख्या गाद्या. अन् दुसऱ्या पिशवीत साडेतीनशेवाला, पिवया, डोकं दाबनारा.

जिनिंगात गेलो तं जानराव म्हने पह्यले मी लावतो. मुकादमाचा मान! डोये मिटून उभा राह्यला, जसा देवापुढं. मंग काढला अन् ओरडून म्हने, "घरघर गेली बुवा!"

मंग मी लावला. मशीन माह्यापुढं, चालू. खरंच — ते खालची जड घरघर, जे पायातून पोटात येते, ते गेली! मी दचकली. मशीन दिसून राहिली अन् तिचं पोट रिकामं झालं होतं. देवीदासनं फाटकाबाहीर बोलावलं, तथी आवाज जरा कमी असते. म्हने, "घरघर गेली, पन मशीनीच्या पट्ट्याची शिट्टी राह्यते. बारीक — सुईसारखी. तेवढी नाई जात याच्यानं. मी खोटं नाई सांगत."

म्या म्हटलं, "कोनती शिट्टी?"

"पट्ट्याची वं! हे काय, आत्ता वाजून राहिली."

हेडफोन कानावरच होता, मले काही शिट्टी-बिट्टी आयकू आली नाई. म्हटलं मंग तं अजून चांगलं, ते बी बंद झाली.

मंग पिवया लावला. त्याच्यातही आवाज कमी झाला. घरघर थोडी राह्यली, बस तेवढंच.

देवीदासचं तोंड उतरलं. म्हने, थांब, याच्यात गाना आयक, मंग किंमत समजन. सगया बाया गोया झाल्या. त्यानं एक गाना लावला. पह्यले महागाचा, मंग दुकानातला शंभर रुपयेवाला कानात कोंबाचा. म्हने, "ढोलकीच्या मांगं घुंगरू हायत. लई बारीक. शंभराच्यात ते येत नाईत, याच्यात एकेक दाना वेगया येते. त्याचेच पैसे हायत!"

मी आयकलं. ढोलकी होती. बाई गाऊन राहिली होती. घुंगरू कुठं?

पार्बताबाईनं लावला. साठीची हाय, डोक्यावरचा पदर हेडफोनवरून घेतला तिनं, नव्या नवरीसारखा. बाया लोटपोट! म्हने, "घुंगरू नाई रे बापा, नाचनारी पयाली वाटते!" खुर्शीदबीनं दोन्ही बाजू दाबून धरल्या, लई वेळ आयकलं. मंग मान हालवली. "बेटा, बुरा मत मान. दोनो एकच है. तेरे सेठ ने तुझे ठगाया, तू हमको मत ठगा."

आमी सहाजनी होतो. सहाइच्या सहाजनी म्हनल्या, फरक नाई. एकीनं बी घुंगरू आयकलं नाई.

देवीदास एकेकीच्या तोंडाकडं पाहून राहिला. हासत नव्हता.

मंग चिमीच्या डोक्यावर ठेवला. मोठा होते, गयात येते, म्या हातानं धरून ठेवला. त्यानं गाना एकदम बारीक केला, अन् तो जथी घुंगरू हायत म्हने त्या जागी चिमी हासली अन् बोटं नाचवले तिनं. देवीदास ओरडला, "ताई! आयकून राहिली ते!"

म्या म्हटलं, मोबाईलचा लाईट पाहून हासली. तिले लाईट आवडते. मनात आलं होतं, खरं असन काय. पन मी नाई धरलं मनात. धरून पुन्हा सोडाचं — तेवढी ताकद नाई माह्यात.

१ जानेवारी

इचार पक्का. बावीस हजाराचा नाई घ्याचा. साडेतीनशेचाही मोठाच होते चिमीले. पोत गयातच राह्यली. बरं वाटाले पाह्यजे. वाटत नाई.

देवीदासचा फोन. "चिमीले अकोल्याच्या दवाखान्यात आनतेस काय? कानाच्या मॅडम हायत. अन् तूही दाखव."

"मले काय झालं?"

"काही नाई. दाखव."

४ जानेवारी

खुर्शीदबी म्हने, जाय, पन डॉक्टरपुढं जिनिंगचं नाव घेऊ नको, लेकरू आनू देनार नाईत मंग. म्या म्हटलं, कामावरून घरी आलं तरी कानात मशीन चालूच राह्यते, हे इचारू काय तिथी? म्हने, "उसमें क्या पूछना, वो तो सबको रहता है."

८ जानेवारी

उद्या. भेव वाटते. चिमीची नवी फ्राक धुतली.

९ जानेवारी

घरी आली. लिहू काय, कसं लिहू.

दवाखान्यात लहान खोली, दार जाड, भिंतीले गाद्या. मॅडम देवीदासच्या वयाच्या. चिमीले खाली बसवून खेयने देल्ले. मंग मांगं जाऊन पह्यले काहीतरी केलं — मले समजलं नाई काय — अन् चिमी गर्रकन वळली! मॅडमच्या हातात कागद होता, चुरगायलेला. मंग दुसऱ्या बाजूनं एवढुशी घंटी. वळली! मंग तारा लावून, झोपवून, मशीनीवर पाह्यलं. दोन तास लागले. मॅडम म्हनल्या, "बाई, हिचे कान छान आहेत. दोन्ही."

म्या म्हटलं, ताटाले वळत नाई वं मॅडम! तं इचारतात, दिवसभर कुठं राह्यते ही? खुर्शीदबीनं नको म्हटलं होतं, पन मी सांगून बसली. मॅडम म्हनल्या, मशीनीत वाढलेलं लेकरू, ताट वाजलं तं त्याले काय नवल? मोठ्या आवाजाकडं ते पाह्यतच नाई. बारीक आवाज त्याले नवा. पन तिथे नका ठेवू आता, आज चांगले आहेत म्हणून उद्याही राहतीलच असं नाही.

मी खालीच बसली, फरशीवर. हात जोडले. कोनाले जोडले ते नाई मालूम.

मंग माही पाळी. मी नको म्हटलं. देवीदासनं आयकलं नाई. मॅडमनं माह्या कानाले हेडफोन लावला — हा तं देवीदासच्याहून जाडजूड! हातात बटन देल्लं. म्हने, टिंग असा आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक आला तरी. काचेच्या पल्याड जाऊन बसल्या. सुरुवातीले दोन-चार खेपा आला आवाज, जाडा-जाडा, म्या दाबलं. मंग बंद. मी बटन धरून बसली. मॅडम खाली पाहून लिहून राहिल्या होत्या. लई वेळ झाला. चिमी देवीदासच्या मांडीवर काचेतून दिसून राहिली. म्हटलं मॅडम कामात असतीन.

बाहीर आल्या तं म्या इचारलं, "मॅडम, सुरू कधी करता?"

मॅडम म्हनल्या, "झालं, बाई."

कागदावर रेघ दाखवली. इथून सपाट, अन् इथून धाडकन खाली, जशी इहिरीची कड. जाडा आवाज येते मले. बारीक येत नाई. किती वर्सं जिनिंगात? नऊ. चौदाची होती तवापासून. गेलेले परत येत नाईत म्हने. कानाची मशीन भेटते, अर्ज कराव लागते, देवीदास करते म्हने.

एस्टीत तो खिडकीकडं पाहून बसला होता. म्या म्हटलं, "घुंगरू होते?" त्यानं मान हालवली. होते.

म्हंजे खुर्शीदबीचे कान बी गेले. पार्बताबाईचे बी. सहाइचे. आमी सहाजनी कान गेलेल्या बाया बसून त्या हेडफोनचा भाव करून राहिलो होतो. अन् देवीदासले ठग म्हटलं.

आजची रात देवीदास इथीच थांबते.

१० जानेवारी

सकाउनच देवीदासले म्हटलं, तू कागद-पेन घे अन् कोपऱ्यात बस, चिमी जे बोलन ते लिही, तिच्याकडं पाहू नको, लाजते ते. मी रोजच्यासारखं काम करते. चूल, भाकरी, बकऱ्या. चिमी रोजच्यासारखी माह्या मांगं खेयली. मले काही आयकू आलं नाई. तासाभरानं त्यानं कागद देल्ला.

बकरी. खाऊ. चिऊ. दे. पल्ली. मोती — मोती कुत्र्याचं नाव हाय. अन् आई. आईच्या पुढं त्यानं उभ्या रेघा मारल्या हायत, जेवढ्या बार म्हनली तेवढ्या. सतरा. म्या एकदाही वळून पाह्यलं नाई म्हने.