तिसऱ्या उत्तराबाबत

मी, धंद्याने पुस्तकबांधणी करणारा, वय वर्षे बाहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, तर स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या पेनाने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे थोरले भाऊ तरीही शंका घेतील. ती ते गेली तीस वर्षे घेत आहेत, सबब ती नवी धरू नये. याआधी मी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती. हेही रागातच लिहितो आहे, पण या वेळी अक्षर चांगले आहे.

कलम १. खाली कारखाना आणि वर दोन खोल्या असे माझे घर मी माझ्या एकुलत्या एक मुलीस देतो. ती दंतवैद्य आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगते, माझ्यापुढे मात्र तिने नऊ वर्षांत तोंड उघडलेले नाही. त्याचे कारण कलम ४ मध्ये येईल. वरच्या खोलीची खिडकी जरा उचलून धरल्याशिवाय लागत नाही, हे तिला ठाऊक आहे.

कलम २. दाबयंत्र, कागद कापायचे यंत्र, कागदाला घडी घालायच्या हाडाच्या पट्ट्या, सुया आणि खळीचे पातेले हे सर्व, बावीस वर्षे माझ्याकडे पुस्तके शिवणाऱ्या बाईंना. मी काय वाचतो आणि का वाचतो, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. अशी सोबत नशिबाने मिळते. बँकेत जे काही आहे तेही त्यांचेच. आकडा इथे लिहून मी कोणाची झोप उडवत नाही.

कलम ३. बांधणीचा नियम असा, की शिवण्याआधी प्रत्येक पान क्रमाने आहे की नाही ते तपासायचे. तीस वर्षांपूर्वी एका प्राध्यापकांनी सत्ताशास्त्राचा जाडजूड ग्रंथ पाठ तुटलेल्या अवस्थेत आणून दिला. काळ, आत्मा, ईश्वर हे आहेत असे आपण म्हणतो, तर त्यांचे असणे कशा प्रकारचे, असा त्याचा विषय. मी फक्त पानांचे आकडे बघायला बसलो होतो, पण ओळी वाचल्या गेल्या. तीन आठवड्यांत द्यायचा ग्रंथ आठ महिन्यांनी दिला आणि प्राध्यापकांच्या संध्याकाळच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसू लागलो. पुढे त्याची एक प्रत विकतही घेतली.

माझे थोरले भाऊ आमच्या प्रार्थनागृहाचे कारभारी आहेत. त्यांना कळले तेव्हा म्हणाले, "देव आहे का नाही, हे तुला आता पुस्तकात बघावं लागतं?"

"दादा, आहे का नाही ते नाही बघत. आहे तो कसा आहे, ते बघतोय."

"तेच ते."

पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्याच आठवड्यात प्रार्थना म्हणणाऱ्यांच्या यादीतून माझे नाव गेले. तिकडे प्राध्यापकांनी मला वर्गाआधी डोळे मिटून प्रार्थना करताना पाहिले आणि म्हणाले, "एवढं वाचूनसुद्धा?" सगळा वर्ग हसला. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी माझी तीस वर्षे गेली. दोघांनाही मी एकच सांगत आलो. पाने तपासणारा माणूस पुस्तकावर संशय घेत नसतो. ते बांधायचे असते म्हणून तपासतो. ज्याला रद्दीत घालायचे आहे तो कशाला आकडे बघत बसेल? दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे शिरले नाही. मला याचा भयंकर वैताग आला आहे. तो वैताग मी कोणासही देत नसून सोबत नेत आहे.

वडिलांचे प्रार्थनेचे पुस्तक आणि तो ग्रंथ मी एकाच पुठ्ठ्यात बांधले आहेत. हा काही युक्तिवाद नव्हे, मला तेवढे कळते. दोन्ही रोज सकाळी लागायची, एवढेच. दादा वीस वर्षे त्यातले वडिलांचे मागत आहेत. ते मी त्यांना देतो, पण अख्खे. मधून कापल्यास शिवण उसवून दोन्ही जातील. ही धमकी नाही, बांधणीची माहिती आहे.

कलम ४. माझी बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या दुपारी ती शुद्धीवर होती, मुलगी उशाशी बसली होती. बायकोने विचारले, "अहो, आपण परत भेटू ना?"

अशा वेळी काय म्हणावे हे लहान पोरालाही कळते. मी म्हणालो, "या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत."

आणि पहिल्यापासून सुरुवात केली. देह गेला की माणूस संपला, हे पहिले. त्यातले दोष दाखवले. माणूस उरतो पण ओळख उरत नाही, हे दुसरे. ते निम्म्यावर आले असताना मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे." बायको गेलेली होती.

तिसरे उत्तर माझे होते. ते मी शेवटी ठेवले होते, कारण आधीची दोन पाडल्याशिवाय ते भक्कम होत नाही. असला गाढवपणा अभ्यास केलेला माणूसच करू शकतो. दादांनी तो माझ्या अश्रद्धेचा पुरावा धरला. मुलगी त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. बायकोच्या हातात अर्धवट शिवलेले उत्तर द्यायचे नव्हते, म्हणून तिला काहीच देता आले नाही. याचे मला रोज वाईट वाटते.

कलम ५. मला बायकोच्या शेजारी पुरावे. प्रार्थनागृहाच्या आवारात भिंतीलगत तिच्या शेजारची जागा रिकामी आहे. पण तिथला नियम असा, की ज्याच्या श्रद्धेवर आक्षेप आहे त्याच्या मृत्युपत्रावर रक्ताच्या माणसाने साक्षीदार म्हणून सही करून ग्वाही द्यावी. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, म्हणजे लोभापोटी कोणी खोटी ग्वाही देणार नाही. नियम चांगला आहे, मला तोच नडतो आहे. आक्षेप दादांचा, म्हणजे त्यांची सही मिळायची नाही. उरली मुलगी. तिला घर द्यावे तर सही मागता येत नाही आणि सही मागावी तर तिच्या आईचे घर तिच्या हातून जाते. शिवाय तिने आधी बोलायला तर हवे. मी घर देणे पसंत केले. मला गावाबाहेर कुठेही पुरले तरी चालेल, असे इथे लिहिणार होतो. चालणार नाही. पण इलाज नाही.

इथवरचा मसुदा मी वकिलांकडे तपासायला दिला. त्यांनी मला न विचारता तो मुलीला दाखवला. आज सकाळी ती त्यांच्यासोबत आली. पुढील मजकूर त्यानंतरचा आहे.

ती बसली नाही. दारातूनच म्हणाली, "तिसरं काय होतं?"

"हो. भेटू."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग एवढं आधी सांगायला काय झालं होतं, बाबा?"

मी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"आईला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही औषध आणायला गेला होतात ना, तेव्हा मला म्हणाली, मी यांना विचारणार आहे. हे लांबण लावतील, पण शेवटी हो म्हणतील. तिला ते ऐकायचं होतं हो. तुमच्या तोंडून."

मी रडलो. हे मृत्युपत्रात लिहायची गरज नाही असे वकिलांचे मत आहे. त्यांनी तिला घराबद्दल नीट समजावून सांगितले. ती म्हणाली, "वाचलंय मी. सही कुठं करायची?"

सबब कलम १ रद्द. मुलीच्या सांगण्यावरून घरही शिवणाऱ्या बाईंना द्यावे. कलम ५ मधले पहिले वाक्य कायम.

स्थळ : कारखान्यावरची खोली, खिडकीजवळ
दिनांक : अकरा, मंगळवार, दुपारी
सही : पुस्तकबांधणी करणारा

साक्षीदार पहिले, वकील : माझ्यासमोर सही झाली. मसुदा दाखवल्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

साक्षीदार दुसरी, मुलगी, स्वतःच्या अक्षरात : माझ्या वडिलांची श्रद्धा होती आणि आहे, अशी ग्वाही देते. त्यांना आईच्या शेजारीच ठेवावे. त्यांचे तिसरे उत्तर तिला सांगायचे राहिले आहे.