देवळालीच्या कारंज्याचं एकुलतं चित्र

मी, ज्ञानेश झुंबर बोराडे, वय ५४, धंदा फोटो स्टुडिओ, राहणार जेल रोड, नाशिकरोड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहतं घर पत्नी सौ. मालन हिचं. तिच्या हयातीत कोणी विकायचं नाव काढू नये.

२. स्टुडिओचा गाळा मुलगा अश्विन याला. सागाच्या जुन्या दारातून मी बनवलेला कॅमेराही त्यालाच. थोरले बंधू संतोष त्याला चारचौघांत ‘खुराडं’ म्हणाले होते. त्यांनी त्यास हात लावू नये.

३. देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्याच्या बागेतलं दगडी कारंजं, कमानी, वेलींचा मांडव यांची वेगवेगळी चित्रं मी कागदावर टिपली आणि एका खोक्यात ठेवली. मिठाच्या पाण्यात भिजवलेला, चांदीचा क्षार लावलेला कागद. फोटोग्राफीच्या अगदी आरंभीची रीत, पुस्तकं वाचून शिकलेली. चित्र पक्कं करायलाही मीठच. असं चित्र अंधारात टिकतं, उजेडात काळवंडत जातं. पुढे निघालेलं पक्कं करायचं रसायन एकावर लावून पाहिलं. चित्रच धुऊन गेलं.

पाऊस सरल्यावर मालनने गोधड्यांबरोबर ते खोकंही गच्चीवर उघडून ठेवलं. “बुरशी धरली असती हो,” म्हणाली. तिचा दोष नाही. आपल्याकडे जपायच्या वस्तूला ऊनच दाखवतात. तळाचं, कारंज्याचं, तेवढं वाचलं. बंगला त्याआधीच पाडला होता. आता तिथे पार्किंग आहे.

४. अश्विनने मोबाइलवर त्या वाचलेल्या चित्राचा फोटो घेतला. आकार आला, कागदात मुरलेला उजेड नाही आला. वर मला विचारतो, “पप्पा, बघायचंच नाही तर ठेवायचं कशाला? कपाटाला दाखवायला?” मी चित्र काळ्या लिफाफ्यात घालून पुन्हा कपाटात ठेवलं.

५. ‘काळा लिफाफा कोणी कधीही उघडू नये’ हे वाक्य मी खोडलं आहे. खोडाखोड माझीच, शेजारी सही आहे. त्याऐवजी असं: तेराव्याला जेवणं उरकली की लिफाफा अंगणात उघडावा. आधी मालनच्या हाती द्यावा. तिने ते चित्र अजून पाहिलेलं नाही. कारंजं चालू होतं, पण कागद फार मंद, उजेड टिपायला बराच वेळ घेतो, म्हणून पाण्याचं नुसतं धुकं दिसेल. ते तिला सांगावं. मग संतोषसकट सगळ्यांनी बघावं. काळं पडू लागलं तरी कोणी झाकायची घाई करू नये.

सही: ज्ञानेश झुंबर बोराडे
नाशिकरोड, ८ नोव्हेंबर २०२४

वरील सही व खोडाखोडीवरची सही आमच्यासमक्ष केली.
साक्षीदार: १. रोहित थेटे २. दिशा गांगुर्डे