पास पाहिजे तर सांग

बुधवार, ११ सप्टेंबर १९९६

आज थोरलीने जिन्यातच अडवलं. हातात गुलाबी कार्डांचा गठ्ठा, पत्ते पिसल्यासारखा. "अगं, मंडळाचे पास छापून आले. रांग नको, काही नको — मागच्या फाटकातून थेट वर! तुला पाहिजे तर सांग हं."

पाहिजे तर सांग! म्हणजे मी मागायचे. द्यायचेच असते तर त्या गठ्ठ्यातले दोन काढून हातावर ठेवले असते. गठ्ठा तर हातातच होता! मी म्हटलं, "बघू की." आणि खाली आले. पहिली भाकरी करपली. दुसरीही.

आमच्या गल्लीचं मंडळ यंदा पॅरिसचा आयफेल टॉवर उभा करतंय. बांबूचा, पासष्ट फूट उंच. खाली गणपती, आतून जिना, आणि वर सज्जा — तिथून सगळी सांगली दिसणार. थोरले भाऊजी मंडळाचे अध्यक्ष. त्यामुळे माझी जाऊ आता अध्यक्षीणबाई. वर ती राहते, खाली आम्ही. चुली वेगळ्या होऊन दोन वर्षं झाली, पण जिना मेला एकच. दिवसातून चार वेळा तिचं तोंड बघावं लागतं.

हे रोज एसटीच्या वर्कशॉपमधून आले की टॉवरवर. दोरखंड ओढून तळहात सोलवटलेत. बांबू बांधायला धाकटा भाऊ, पास वाटायला थोरली वहिनी! छान वाटणी आहे.

शनिवार, १४ सप्टेंबर

आई आली. जतच्या गाडीने, दुपारी. बोचक्यात बाजरी, हुलगे आणि माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी. गुडघे फार वाईट झालेत तिचे. गाडीची पायरी उतरायला कंडक्टरने हात दिला.

गल्लीच्या तोंडाशी आली आणि उभीच राहिली. "ह्ये काय गं? इजंचा खांब हाय व्हय?"

सांगितलं. पॅरिस कुठे, टॉवर कुठला, माणसं कशी वर चढून गाव बघतात. आईने मान वर करून टोकापर्यंत बघितलं. पदर डोक्यावरून घसरला तरी भान नाही.

"मला चढायचं हाय," म्हणाली.

"गुडघे?"

"ऱ्हाऊ देत गुडघं. जलम सपाटीवर गेला पोरी. मेंढरांमागं चालून चालून पाय झिजलं, पर उंचावरनं कवा काय बघितलं न्हाई. दंडोबाचा डोंगर दिसंल का गं तिथनं? त्याच्या पल्याड आपलं गाव."

आई कधी काही मागत नाही. लग्नानंतर चौदा वर्षांत माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी म्हटलं, "दाखवते. माझी जबाबदारी!"

सोमवार, १६ सप्टेंबर

गणपती बसले. आरती व्हायच्या आत रांग मारुतीच्या देवळापर्यंत. आणि मागच्या फाटकातून कोण आत गेलं? थोरलीची साताऱ्याची माणसं. बहीण, मेहुणा, मेहुण्याची आई, आणि कोण कोण. उतरल्यावर घरच्या जिन्यात उभी राहून थोरली मोठ्याने — मला ऐकू यावं म्हणूनच! — "आमच्या साताऱ्याला चार भिंतींच्या टेकडीवरून अख्खं गाव तळहातावर घेतल्यासारखं दिसतं. पण ह्याची मजा काही और!"

जेवताना हे म्हणाले, "दादाकडं माग की दोन पास. आत्तीला दाखवून आण."

"मी नाही मागणार."

"मग मी मागतो."

"मागून तर बघा!"

"आगं, आपलंच मंडळ हाय. मागण्यात काय कमीपणा?" असं म्हणाले आणि माझं तोंड बघून ताटात बघायला लागले. पुरुषांना कळतच नाही. थोरली एकदा देईल आणि वर्षभर आठवण करून देईल. मिक्सर चालत नव्हता तेव्हा तिच्याकडे चटणी वाटली, तर दिवाळीपर्यंत ऐकत होते.

मंगळवार, १७ सप्टेंबर

दूधवालीलाही पास. दूधवालीला!!

बुधवार, १८ सप्टेंबर

शाळेत शिकवून निघाले, पण फाट्यावर एसटी तासभर आलीच नाही. घरी यायला सात. वाटलं होतं आई कंटाळली असेल. तर खुशीत पाय पसरून बसलेली.

"काय केलंस दिवसभर?"

"काय न्हाई. वर शालनकडं च्या प्याले."

मग जरा वेळाने आपणहून — "लय चांगली हाय गं ती. मायाळू हाय."

मायाळू! एका कपात थोरली मायाळू! मी सकाळी पाच वाजता उठून हिच्यासाठी पाणी तापवून ठेवते, ते गेलं कुठे? भांडी जरा जोरात घासली.

शुक्रवार, २० सप्टेंबर

गौरी जेवल्या. माझ्या गौरी साध्या, पितळी मुखवट्यांच्या, सासूबाईंनी दिलेल्या. पुरणपोळ्या मात्र मऊसूत झाल्या, ह्यांनी दोनदा मागून घेतल्या. वर थोरलीच्या गौरींना यंदा चांदीचे मुखवटे, मागे आरसे, समोर लायटिंगचं कारंजं. बायका आमच्या दारावरून तरातरा वर जातात आणि उतरताना खाली डोकावतात. "तुमच्याही छान आहेत हं." तुमच्या-ही!

आई वर बघायला गेली ती तासाभराने आली. वरून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. कशावर हसत होत्या कोण जाणे. विचारलं तर आई म्हणाली, "आसंच."

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला रडू आलं. थोरलीला तिची आई आहे साताऱ्यात, दोन बहिणी आहेत, चांदीचे मुखवटे आहेत, पास आहेत. माझी एक आई आहे. तीही हिला पाहिजे?

शनिवार, २१ सप्टेंबर

ठरवलं. उद्या रविवार, टॉवर दुपारी तीनला उघडतो. आईला रांगेतून नेणार. लोक जातात तसे.

आईला सांगितलं तर चेहराच पडला. "ऱ्हाऊ दे गं. न्हाई बघितलं म्हणून काय जीव जातोय व्हय? तू दमशील."

आठवड्यापूर्वी गुडघे राहू देत म्हणणारी ही! वाट बघून बघून उमेदच गेली असणार तिची. सगळं ह्या पासांपायी. हेही मध्ये पडले — "आत्तीचं गुडघं बघ जरा. चार तास रांग आसती." मी फाडकन बोलले, "माझी आई कुणाच्या उपकारावर चढणार नाही."

आईने गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "बरं. तुझ्यासंगं जाऊ."

रविवार, २२ सप्टेंबर

दोनला जाऊन उभ्या राहिलो. आमच्यापुढे रांग पार पिठाच्या गिरणीपर्यंत. ऊन असं की पाऊस कधी होता की नाही अशी शंका यावी. आईसाठी पाट नेला होता. रांग सरकली की ती उठायची, मी पाट उचलायचा, दोन पावलं, परत पाट. मागे मिरजेचे एक आजोबा होते, सतारी बनवणारे. त्यांनी आईला पाणी दिलं, म्हणाले, "आजी, बांबू पक्का दिसतोय, काळजी करू नका." आई म्हणाली, "माझ्या जावयानं बांधलाय." मला बरं वाटलं.

आणि डोळ्यांसमोर मागचं फाटक! रिक्षातून उतरायचं, गुलाबी कार्ड दाखवायचं, आत. ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे. एकीने तर उंच टाचेच्या चपला घातलेल्या. मी एकेकीच्या साडीचा काठसुद्धा सांगू शकेन.

साडेचारच्या सुमाराला थोरली आली, कुणा पाहुण्यांना घेऊन. आम्हाला बघितलं आणि पाहुण्यांना तिथेच सोडून तरातरा रांगेत आली. "अगं, मावशींना उन्हात काय उभं केलंस! वेडी आहेस का? हे घे." आणि कार्ड माझ्या हातात कोंबलं.

सगळी रांग बघत होती. आता? आता उपकार? अडीच तास झाल्यावर, लोकांसमोर?

मी कार्ड परत तिच्या हातावर ठेवलं. "आम्ही रांगेतलेच बरे, वहिनी."

थोरलीचं तोंड लाल झालं. तिने आईकडे बघितलं. काहीतरी बोलणार होती. आईने हळूच मान हलवली — नको म्हणून. थोरली वळून गेली. बघितलंस! शेवटी आई माझ्याच बाजूची! एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. आईचा हात घट्ट धरला.

सहाला वर पोचलो. जिन्यात आई तीनदा बसली. शेवटच्या वळणावर मी जवळजवळ उचललीच तिला. सज्ज्यात आल्यावर तिने दोन्ही हात जोडले. "आगं बया! केवढं गं हे गाव!" मला भरून आलं. "हिकडं ये, हिकडनं नदी दिसती," म्हणत मलाच ओढत घेऊन गेली. आयर्विन पूल, त्यावर मुंगीएवढ्या बसेस, गणपतीच्या देवळाचं शिखर, हळदीच्या पेठेतले पत्रे. पूर्वेला पार कडेला निळसर काहीतरी. आई म्हणाली, "त्यो बघ दंडोबा."

मी बघितला. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष सारखं खाली, मागच्या फाटकाकडेच होतं.

वर मंडळाचा फोटोवाला होता. आई "फोटू नगं गं" म्हणत होती. मी ऐकलं नाही. एवढं केल्यावर फोटो नको?

सोमवार, २३ सप्टेंबर

आईचे दोन्ही गुडघे सुजलेत. सकाळी उठताच येईना. शाळेत निरोप पाठवला, घरीच राहिले. तेल चोळलं. आई डोळे मिटून पडलेली. म्हटलं, "दुखतंय?" तर म्हणे, "न्हाई. लय झ्याक दाखवलंस."

थोरलीने गरम पाण्याची रबरी पिशवी खाली पाठवली. मी परत पाठवली. आपली मिठाची पुरचुंडी काय वाईट आहे?

मंगळवार, २४ सप्टेंबर

आई गेली. आणखी दोन दिवस राहा म्हटलं, नाही राहिली. स्टँडवर गाडीत बसवून दिली, तर तिने खिडकीतून माझा हात धरला आणि म्हणाली, "शालनशी नीट वाग गं पोरी. ती वाईट न्हाई."

जाताजातासुद्धा तीच! मी हात सोडवून घेतला. गाडी सुटेपर्यंत मोसंबीवाल्याकडे बघत उभी राहिले. गाडी वळल्यावर हात हलवला. तिला दिसला नसणार.

गुरुवार, २६ सप्टेंबर

विसर्जन. उद्यापासून टॉवर उतरवणार. बरं झालं! सुटले एकदाची.

रविवार, २९ सप्टेंबर

फोटो आणायला गेले. फोटोवाल्याने पाकिटं चाळली आणि दोन पुढे ठेवली. "ह्या आजींचे दोन आहेत बाई. एक तुमच्याबरोबर, एक अध्यक्षीणबाईंबरोबर. तो न्यायला कुणी आलंच नाही. तुमच्याच घरातला ना? घेऊन जा."

मागे पेन्सिलने तारीख. १८ सप्टेंबर. बुधवार. एसटी आली नाही म्हणून मी फाट्यावर उभी होते, तेव्हाचा.

घरी येऊन ह्यांना विचारलं. हे सोलवटलेल्या हाताकडे बघत म्हणाले, "आत्तीनंच सांगितलं हुतं, तुला बोलू नका म्हणून. तुला वाईट वाटंल म्हणून." सगळ्यांना माहीत होतं. आईला सगळं बघून झालेलं होतं, तरी ती माझ्याबरोबर चार तास उन्हात उभी राहिली. आणि शालन — नवा चमचा आणला तरी जिन्यात उभी राहून सांगणारी शालन — तिने अकरा दिवस एक शब्द काढला नाही. भर रांगेत मी तिचा अपमान केला, तेव्हासुद्धा नाही.

दोन्ही फोटो समोर ठेवलेत. शालनच्या खांद्यावर हात टाकून आई तोंडभर हसते आहे. माझ्याबरोबरच्या फोटोत तिने बांबू धरलाय आणि तिचे डोळे मिटलेत.